सहा अक्षरांचा अभ्रा

बासष्ट साली आर्णीच्या महिला मंडळात शिवणवर्ग निघायचा होता आणि त्या वर्गाची बाई व्हायचं, हे कौसल्येनं मनाशी पक्कं केलं होतं. नवरा जिनिंगमध्ये कापूस वाहायचा. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, घर बौद्धवस्तीत. वस्ती बौद्ध होऊन सहा वर्षं झाली होती, पण गावातल्या काही बायका अजून तिच्या हातातली सुई आधी उंबऱ्यावर ठेवायला लावायच्या आणि मग उचलायच्या.

त्यांतलीच जमनाबाई. तिलाही तीच जागा हवी होती, आणि तिच्यापाशी नागपूरहून आणलेला इंग्रजी अक्षरांचा नमुना होता.

"एक रोज द्या ना बाई, उतरवून घेतो," कौसल्या म्हणाली होती.

"घरचा नमुना हाय. भाईर नाही देत," जमनाबाई म्हणाली, आणि त्याच दुपारी तो दुकानवाल्याच्या सुनेला दिला.

कौसल्येनं मग साबणाच्या कागदावरून, काडेपेटीवरून, औषधाच्या बाटलीवरून अक्षरं गोळा केली. चौकटीच्या वहीत घरं मोजून एकेक बसवलं. सव्वीस पुरी व्हायला दिवाळी ते होळी लागली.

चैत्रात मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या लेकीचं, जयाचं लग्न ठरलं. नवरदेव दिग्रसचा, नाव उकंडा. वर्ग काढणाऱ्या ग्रामसेविकाबाई म्हणाल्या, "दोघींनी आठ दिवसांत जयासाठी एकेक उशीचा अभ्रा करा. जिचा सरस, तिचा वर्ग."

त्या वर्षी पोरींमध्ये एक खूळ होतं. नवऱ्याचं नाव तर तोंडानं घ्यायचं नाही. मग अभ्र्यावर असा इंग्रजी शब्द काढायचा, की त्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर येईल आणि त्याच्या नावाचंही. आपलं हिरव्या दोऱ्यात, त्याचं लाल दोऱ्यात. उशीच्या रुंदीत सहाच अक्षरं मावायची; सातवं काढलं तर ते शिवणीत जायचं. जयाला हवे होते जे आणि यू.

कौसल्या मधल्या सुट्टीत शाळेत गेली. प्रेमसिंग गुरुजींनी शब्दकोश व्हरांड्यात आणून दिला. "अर्थ मी सांगीन. हुडका मात्र तुमचं तुमी."

पहिल्याच दिवशी मध्येच कुठंतरी पान उघडलं आणि सहा अक्षरांचा, जे आणि यू असलेला शब्द सापडला. अर्थ विचारायला थांबलीच नाही. घरी येऊन तीन अक्षरं भरली, चौथ्यावर जया बघायला आली. तिनं कागदावरचा शब्द वाचला.

"जंगल? माह्या उशीवर जंगल? तिकडले म्हनतीन, पोरगी रानातून धरून आनली!"

हसून हसून ती खाली बसली. कौसल्या हसली नाही. तिनं दोरा उसवला, कापड पाण्यात टाकलं, वाळवलं. चार दिवस उरले होते.

आता तिनं जेची पानं पहिल्यापासून धरली. शब्द वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. एका हाताचं बोट सहा अक्षरं होईपर्यंत सरकवायचं, दुसऱ्या हाताचं यू शोधत फिरायचं. सापडला की वहीत. तिसऱ्या दुपारी नऊ शब्द झाले. गुरुजींनी एकेकाचा अर्थ सांगितला. एकाचा अर्थ बोर, एकाचा धाकटा, एकाचा गोंधळ. जॉयफुलवर येऊन ते थांबले. "आनंदानं भरलेलं. हा घ्या."

कौसल्येनं बाकीच्या आठांचे अर्थही लिहून घेतले आणि मगच उठली.

निवाड्याच्या दिवशी जमनाबाईनं अभ्रा पसरला. त्यावर वेलकम. त्यात ना जे, ना यू. सातवं अक्षर अर्धं शिवणीत गेलेलं.

"उशीवर पावन्याले बलावता का वो?" कोणीतरी म्हणालं.

मग कौसल्येचा. अध्यक्षबाईंनी तो आधी उलटा करून पाहिला. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ होती. बायका ओरडल्या, "जये, नाव घे! नाव घे!" जयानं मान खाली घालून लाल यूवर बोट ठेवलं.

"शबद गुरुजीचा," जमनाबाई म्हणाली. "हिचं त्यात काय?"

"मग तुम्हीच तुमची दोन अक्षरं सांगा, त्या शब्द काढतील," ग्रामसेविका म्हणाल्या.

"जे हायच माह्यं. अन् आमच्या घरच्यायचं..." जमनाबाई अडली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"फुलचंद! पी!" बायकांनीच उत्तर दिलं.

कौसल्येनं वही उघडली. जे, पी, सहा घरं. बोट पाचव्या शब्दावर थांबलं.

"जंपर. म्हंजे पोलकं," ती म्हणाली.

"थो त जमनाबाईच्या आंगातच हाय!" मागून आवाज आला, आणि खोलीभर हसणं पसरलं. जमनाबाईनं पदर ओढून घेतला, पण तिलाही हसू आवरलं नाही.

"सोमवारी अकराला या, कौसल्याबाई," ग्रामसेविका म्हणाल्या. "कात्र्या आल्यात. आणखी काय लागेल?"

"शबदकोश. अन् चार खिळे."

सोमवारी पोरी आल्या तेव्हा सव्वीस अक्षरांचा नमुना भिंतीवर ठोकलेला होता, सगळ्यात बुटक्या पोरीच्या डोळ्यांसमोर येईल इतका खाली.

"ज्याले लागन त्यानं उतरवून घ्या," कौसल्या म्हणाली, आणि पहिल्या पोरीच्या हातात सुई दिली, थेट हातात.