आक्काच्या पायऱ्या

भानुदास आबा गेल्याचं मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा, फोन आला. "बाई, आबा गेले. भाकर खाल्ली, बाजेवर आडवे झाले, आन् उठलेच न्हाईत..." त्याला आता सव्वा महिना झाला. रडून झालंय. आता त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं, म्हणून हे लिहायला बसले.

आबा पाटोद्याकडच्या डोंगरात, मोरांच्या अभयारण्यात वनमजूर होते. तरुणपणी ऊसतोडीला जायचे. तिथं एकदा उसात बिबट्याची पिल्लं दिसली आणि त्यांनी मुकादमाशी भांडून तेवढा तुकडा दोन दिवस तोडू दिला नाही, ही गोष्ट ते मोठ्या अभिमानानं सांगत. मी चौसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. एका रविवारी पक्षी बघायला म्हणून अभयारण्यात गेले, तेव्हा त्यांनीच मला पाणवठ्यासमोरच्या दगडी आडोशात बसवलं. "बाई, कावून हलायलात? दगड व्हा की," हे त्यांचं मला पहिलं वाक्य. मी दगड झाले. थोड्या वेळानं समोरच्या करवंदीच्या जाळीतून एक बिबट्या मादी बाहेर आली. म्हातारी होती. अंगावरचे ठिपके जुन्या सतरंजीसारखे विटलेले, डावा कान फाटलेला, मागचा एक पाय आखडलेला. पाण्याकाठी एक मोर होता. ती पोट जमिनीला लावून सरकत गेली, झेपावली आणि चांगली हातभर कमी पडली. मोर केकाटत उडाला. ती मात्र आपण मोरासाठी आलोच नव्हतो अशा थाटात खाली बसून पंजा चाटायला लागली. "लाजली बगा आक्का," आबा पुटपुटले आणि गमज्यात तोंड खुपसून हसत राहिले.

आक्का हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मी नंतर सुट्टीच्या दिवशी जातच राहिले. आक्काला मोठी शिकार जमेनाशी झाली होती. ससा, घोरपड, कधी नुसते उंदीर यांवर ती भागवायची. हिवाळ्यात एका सपाट खडकावर ऊन खात पाय पसरून झोपायची, आणि तिच्याहून चौपट वयाचे आबा आडोशात तसेच डुलक्या घ्यायचे. दोघंही घोरायचे म्हटलं तर आबांनी मला माफ केलं असतं.

मग तो उन्हाळा आला. पाणवठ्याचं पाणी तळाला गेलं आणि सिमेंटचा काठ उंच, गुळगुळीत उरला. आक्का आली, पुढचे पाय खाली टाकले, पण मागचा पाय घसरायला लागला तशी मागं सरली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सरली. पाण्याकडं बघत बराच वेळ उभी राहिली आणि तहानलेलीच निघून गेली. आबांनी वनखात्याच्या साहेबांना कळवलं तर ते म्हणाले, म्हातारी झालीय, पिंजरा लावून धरू, खाऊनपिऊन सुखानं राहील. त्यांचाही हेतू वाईट नव्हता. आबांनी हात जोडले. "साहेब, आठ दिस द्या. तिनं पानी पेलं न्हाई तर मीच पिंजऱ्याला हात लावतो."

दुसऱ्या दिवसापासून ते चपटे दगड वाहून काठाला उतार रचायला लागले. कौसाबाई आणि मीही हाताशी होतो. आबांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. प्रत्येक दगड बसवला की ते स्वतः त्यावर पाय ठेवून उतरून बघायचे. कळ आली की दगड काढून दुसरा लावायचे. "माझा गुडघा उतरंल तिथं आक्काचा उतरंल," म्हणायचे. चार दिवसांत पायऱ्या झाल्या. पुढचे दोन दिवस आक्का फिरकलीच नाही. सातव्या दिवशी दुपार कलताना ती आली. पहिला दगड हुंगला. दुसरा हुंगला. तिथंच बसली. मग ती उठली आणि जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखी, एकेका पायरीवर थांबत खाली गेली. किती वेळ पीत होती! त्या शांततेत तिच्या जिभेचा लपलप आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

घरी येऊन त्यांनी पुरणपोळ्यांची फर्माईश केली. "माझी सवत पानी पेली म्हनून मी पोळ्या लाटू व्हय?" असं म्हणत कौसाबाईंनी डाळ शिजायला घातली. तितक्या तुपाच्या पोळ्या मी नंतर कुठं खाल्ल्या नाहीत.

आक्का त्यानंतर दोन पावसाळे जगली. करवंदीच्या जाळीत, सावलीत, झोपल्यासारखी सापडली. आबांचं सांत्वन कसं करावं, या विचारात मी गेले, तर तेच म्हणाले, "बाई, घरी मेली ती. यापरीस काय पायजे?"

बाराव्याला मी त्यांच्याकडं गेले होते. माणसं पांगली, अंगणात कौसाबाई आणि मी दोघीच उरलो. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ठेवली. बसण्याआधी मी नकळत वाकले, चिमूटभर माती उचलली आणि बोटांतून हळूच सोडली. जंगलात कुठंही टेकण्याआधी वारा कुठला आहे हे आबा असं बघायचे. जनावराला आपला वास जाऊ नये म्हणून. ती खोड मला कधी लागली, कळलंच नाही. कौसाबाई बघत होत्या. मी ओशाळले.

"बसा बाई," त्या म्हणाल्या, "वारं तुमच्या तोंडावर हाय. कुनी पळून जायचं न्हाई." आणि तोंडाला पदर लावून, बारा दिवसांत पहिल्यांदा, खळखळून हसल्या.