चूक कळवण्याची लिंक

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजता, आमच्या बातम्यांच्या पोर्टलवर एका निर्दोष शिक्षकाचा फोटो आरोपी म्हणून प्रसिद्ध झाला. तो साडेअकरापर्यंत तिथेच होता. फोटो मी लावला होता.

बातमी मंठ्याची होती. बोगस बियाणे विकल्याप्रकरणी एका दुकानदाराला अटक झाली होती. त्याचा फोटो आला नव्हता. मी आमच्याच जुन्या बातम्यांत त्याचं नाव टाकून शोधलं आणि पहिला आलेला फोटो उचलला. तो कुंभार पिंपळगावच्या एका शिक्षकाचा होता, त्यांच्या सत्काराच्या बातमीतला. नाव आणि आडनाव दोघांचं एकच. गाव मी पाहिलं नाही.

प्रत्येक बातमीखाली एक लिंक होती : ‘चूक आढळल्यास इथे कळवा’. पोर्टलची पानंही मीच तयार केली होती. तक्रारीचा फॉर्म तेव्हा झालेला नव्हता, म्हणून लिंकच्या पत्त्यात मी फक्त # हे चिन्ह टाकून जागा धरून ठेवली होती. असं चिन्ह असलं की लिंक दाबणारा कुठेच पोचत नाही. ब्राउझर त्याला पानाच्या अगदी वर नेऊन सोडतो. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर हे फारसं जाणवत नव्हतं. मोबाइलवर जाणवत होतं.

मे महिन्यात एका व्यापाऱ्याने मालकांना फोन करून विचारलं होतं, “तुमच्या पेपरात लिफ्ट बसवली का? खाली दाबलं की माणूस थेट वरच्या मजल्यावर!”

मालक हसले. मला म्हणाले, “ती उडी बंद कर जल्दी. लोक हसून राह्यले. फॉर्म-बिर्म मंग बघू.”

मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. लिंक दाबल्यावर ब्राउझरने स्वतःहून काहीही करायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. पान उडायचं थांबलं. लिंक होती तशीच राहिली. फॉर्म तयार नाही असं तिथे लिहिलं नाही, फोन नंबरही दिला नाही. मालकांना सांगितलं, “झालं.”

त्या सोमवारी साडेअकराला आमच्या घनसावंगीच्या वार्ताहराकडून नंबर घेऊन एका मुलीने मला फोन केला. ती त्या शिक्षकांची मुलगी होती, कॉलेजात शिकणारी.

“तुमीच का पोर्टलवाले? माझ्या पप्पांनी कधी बियाणं इकलं हो?”

मी बातमी उघडली. चूक दिसली. फोटो काढायला दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ ती बोलत होती.

“साडेसातपासून दाबून राह्यले मी. माझ्या फोनवरून, मम्मीच्या फोनवरून.”

“काय दाबलं, ताई?”

“तुमीच लिव्हलंय ना, चूक कळवा म्हणून! काहीच झालं न्हाई, तर वाटलं बराबर गेलं असंल. पप्पांना म्हणलं, तुमी बिलकुल टेन्शन घेऊ नका, कळवलंय, शाळेत जावा. ते गेले. गेटवरच पालक मोबाइल घेऊन उभे होते.”

“मी माफी मागतो.”

“मला काय मागता? गेटवर येऊन मागा.”

बारा वाजता दुरुस्ती प्रसिद्ध केली. लिंक काढून तिथे माझा फोन नंबर टाकला. मालकांनी विचारलं, “ती उडी तर बंद केल्ती ना तू?” मी हो म्हणालो. लिंक किती जणांनी दाबली होती, याची नोंद कुठेच होत नव्हती.

मंगळवारी मी कुंभार पिंपळगावला गेलो. शाळेच्या गेटवर पालक होते, ते शिक्षक मात्र आले नव्हते. जमलेल्या पालकांना मी दुरुस्ती वाचून दाखवली. एकाने आधीच्या बातमीचा स्क्रीनशॉट माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “मंग हे काय हाये?”

शिक्षक तो आठवडाभर रजेवर होते. पुढच्या सोमवारी ते हजर झाले आणि त्याच दिवशी त्यांनी बदलीसाठी अर्ज दिला, असं मुख्याध्यापकांनी मला फोनवर सांगितलं.