एका बाजूनं अरुंद

शकुबाईचा नवरा कारभारी वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता भद्रकालीतलं फ्रेमचं दुकान बसलं. शकुबाईने आठव्या दिवशी कुलूप काढलं. नवऱ्याच्या हातची चौकट म्हणजे ओळंब्यात, रेषभरही तिरकी नाही, ही दुकानाची ख्याती तिने दहा वर्षं राखली. बाई फटकळ, गिऱ्हाईक चुकलं तर तोंडावर सांगणारी. तरी लोक तिच्याकडेच यायचे.

एक्याऐंशी साली गोरक्षशेठ आला. द्राक्षांत पैसा झालेला, आग्रा रोडला लॉज बांधून होत आलेलं. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात भिंतीवर जुने नकाशे पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. इंग्रजांच्या काळचे जिल्ह्यातल्या सहा गावांचे नकाशे मिळवून त्याने छापखान्यातून हुबेहूब नकला काढल्या होत्या.

"जेवणाच्या हॉलमध्ये लावायचेत. हिरवा माउंट, चारी बाजूंनी तीन-तीन बोटं," तो म्हणाला. "हे जमलं तर वरच्या वीस खोल्यांचं कामबी तुमचंच."

एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं.

माउंट म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसवायची पुठ्ठ्याची पट्टी. शकुबाईने पहिला नकाशा घेतला तो नांदगावचा, तिच्या माहेरचा. पट्टी ठेवून पाहिली आणि हात थांबला. बाजार, देऊळ, वेस सगळं मधोमध. अगदी कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती तिने सातवीच्या शिक्षणावर जुळवून वाचली. महारवाडा. खाली चौदा घरांचे चौदा ठिपके आणि एक विहीर. त्या विहिरीचं पाणी तिच्या आईने जन्मभर शेंदलं होतं. तीन बोटांच्या पट्टीखाली ते सगळं जात होतं. तिने इगतपुरीचा नकाशा काढला, पेठ गावाचा काढला. सहाही गावांत तीच तऱ्हा, वस्ती कडेला आणि कड पट्टीखाली. शकुबाई इतकी संतापली की कटर खाली ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली.

तिच्या कॉलनीतली लताबाई डबा घेऊन आली होती. तिने नकाशा पाहिला. "झाकलं जातंय तर बरंच हाय की. ते नाव आपण दीक्षा घेतली तवाच सोडलं."

"आपण सोडलं, लता. सोडणारे आपण होतो. झाकणारा हा कोण?"

मग तिने पट्ट्या कापल्या. तीन बाजूंना तीन-तीन बोटं, आणि वस्तीच्या बाजूला जेमतेम दोरीएवढी. असा माउंट कारभारीने बघितला असता तर रद्दीत टाकला असता. तिलाही कापताना वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

उद्घाटनाच्या घाईत शेठच्या माणसांनी फ्रेमा नेल्या आणि लावूनही टाकल्या. तिसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं.

हॉलमध्ये चष्मा लावलेले एक पाहुणे नांदगावच्या नकाशासमोर वाकून उभे होते. शेठने शकुबाईला बाजूला घेतलं.

"हे काय करून ठेवलंय? जो येतो तो विचारतो, पट्टी एका बाजूनं अशी का? अन् तिथंच वाकून वाचतो. उद्याच्या उद्या नवे माउंट घाला."

"नाय घालणार."

"अहो, ठिपक्याएवढी वस्ती. झाकली तर काय बिघडतं?"

"ठिपक्याएवढीच हाय, तर उघडी राहिली म्हणून तुमचं काय बिघडलं?"

शेठचा चेहरा उतरला. "मग वरच्या खोल्यांचं काम विसरा."

"विसरले."

एवढं बोलून ती निघाली नाही. नांदगावच्या नकाशाखालच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि चहा मागितला. वेटरने मालकाकडे बघितलं. मालक भिंतीकडे बघत होता. तिच्या आईला गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो दाराबाहेर, वेगळ्या कपात. शकुबाईपुढे इतरांसारखीच कपबशी आली. तिने सावकाश, बशीत ओतून, फुंकून चहा प्यायला.

चष्मेवाले पाहुणे अजून तिथेच होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "शेठ, ही कोणाची घरं हो?"

शकुबाई उठली, काचेवर बोट टेकवून तिने विहिरीलगतचा ठिपका दाखवला.

"हे माझ्या आईचं," ती हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बाकीच्या तेरांचीबी नावं सांगते. बसा."