हळदीकुंकवातला माचा

मी गप्प बसणारी बाई नाही, हे आमच्या अवधपुरी कॉलनीत कुणालाही विचारा. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असो — मला बोलावतात ते मी चार माणसांना हसवते म्हणून. व्याह्यांची नक्कल करते, भटजींची करते, नवऱ्याची तर त्याच्या समोरच करते. माझी प्रत्येक फजिती मी मीठमसाला लावून सांगितलेली आहे, आणि लोक विसरले की पुन्हा सांगितलेली आहे. ही एकच राहिली. नवऱ्याला नाही सांगितली, मुलाला नाही, ग्वाल्हेरच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि तिला मी काय सांगत नाही?

तुम्हाला सांगते. पण जरा वळसा घेऊन जाऊ द्या. या गोष्टीकडे मला सरळ चालत जाता येत नाही.

माझी सून इरा, इंदूरची. फिजिओथेरपिस्ट आहे, अरेरा कॉलनीतल्या एका दवाखान्यात जाते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात हिरव्या पुडीचा एक चिमुकला डबा होता आणि दाढीच्या ब्रशसारखा दिसणारा बांबूचा एक ब्रश. माचा, म्हणाली. जपानी चहा — पानं दळून केलेली पूड, म्हणजे गाळायचं काही नाही, सगळंच पोटात. मी हौसेने एक दिवस करून पाहिला. पहिल्या घोटाला वाटलं, नुकतंच कापलेलं लॉन कुणीतरी दुधात उकळलंय. आमच्या ह्यांनी कपात डोकावून शांतपणे विचारलं, वरची टाकी कधी साफ केली होती?

चूक माझीच होती. चहाच्या सवयीने मी पूड खळखळत्या पाण्यात टाकली होती, आलं तेवढं ठेचायचं राहिलं होतं. मग इराने शिकवलं. पाणी उकळलं की थोडा वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर कडू होतं. पूड बारीक गाळणीतून चाळायची, नाहीतर गुठळ्या. थोड्याशा पाण्यात ती ब्रशने फेटायची — गोल गोल नाही, पुढे-मागे, भराभर, मनगटातून — वर बारीक फेस येईपर्यंत. मग कोमट दूध, हळूच. त्यावर हिरवं-पांढरं ढगासारखं काहीतरी फिरत राहतं. मी तो ब्रश पहिल्याच आठवड्यात तारेच्या घासणीने घासून टकला केला. इरा इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली. मला ही मुलगी तेव्हाच आवडली. माझ्यावर हसणारं माणूस मला फार आवडतं — माझा रोगच आहे तो.

संध्याकाळी ती दवाखान्यातून आली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून माचा घ्यायचो. दोघी म्हणजे — खरं तर तिघी. रेवा असायची. इराची दवाखान्यातली मैत्रीण, जवळच राहायची, एकाच स्कूटीवर दोघी यायच्या. काटकुळी, मोठ्या आवाजाची, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारी. त्या दोघी एकमेकींचं वाक्य पुरं करायच्या. मी एखादा किस्सा रंगात आणावा आणि त्या दोघींनी कुठल्याशा दुसऱ्याच गोष्टीवर एकमेकींकडे बघून हसावं. मला ते... असू दे. येते त्यावर.

एक दिवस मी इरापुढे कप ठेवला आणि तिने तो घेतला नाही. रेवा नव्हती तेव्हा. म्हणाली, आई, मला आता थोडे महिने साधं दूधच. आणि लाजली. मला कळायला किती वेळ लागणार? मी तिला जवळ घेतलं, मग स्वतःच रडले, मग स्वतःच्या रडण्याची नक्कल करून तिला हसवलं. तेव्हा ती जे बोलली ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"कुणाला बोलू नका हं, आई. माझ्या आईलाही नाही सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. तीन महिने होऊ देत. मध्ये काही झालं तर मला कुणाकुणाला तोंड द्यायचं नाहीये."

कुणाकुणाला माहीत होतं? निखिलला, म्हणजे माझ्या मुलाला. ह्यांना, पण ह्यांच्याकडून बातमी काढायची तर चिमटा लागतो. मला. आणि रेवाला — तिच्यासोबतच इरा पहिल्यांदा डॉक्टरकडे गेली होती. बस, एवढेच.

मग चैत्र आला.

आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू जोरात असतं. पाळण्यातली गौर, ओले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हं. त्या वर्षी मी जाहीर केलं की गौर या खेपेला जपान फिरून आलीय. पन्ह्याबरोबर थंडगार माचाही मिळेल. एवढ्या बायकांना तो नाजूक ब्रश कुठे पुरणार? मी ताकाची रवी काढली. पदर खोचला, भर हॉलमध्ये पातेलं घेऊन बसले आणि माचा घुसळला — असा फेस आला म्हणून सांगू! बायका मोबाइल काढून उभ्या. कुणी म्हणे मेंदी कालवतेय, कुणी म्हणे केसांना लावायचं की प्यायचं? प्रत्येकीला एकेक टोमणा परत मिळत होता. मी रंगात होते. तुम्ही कधी भरल्या घराला एकाच वेळी हसवलंय का? तो आवाज डोक्यात चढतो. मग तो थांबू नये असं वाटतं. काहीही करून थांबू नये.

इरा कामावर गेली होती. बापटवहिनींनी सहज विचारलं, सुनेसाठी ठेवलास की नाही एक पेला?

मी एक शब्द बोलले नाही. हे मी पुढे स्वतःला किती वेळा सांगितलंय — एक शब्दही बोलले नाही. मी फक्त माचाचा पेला हाताने दूर सारला. साध्या दुधाचा ग्लास उचलला, ओठाला लावला. डावा हात कमरेवर ठेवला, पाठ मागे टाकली आणि दिवस भरल्यासारखी दोन पावलं चालून दाखवली. मग ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग काय हशा, काय टाळ्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग होता तो.

सगळ्यांनी शपथा घेतल्या, कुठे बोलणार नाही म्हणून. निघताना बापटवहिनींनी माझा हात दाबला. त्या रेवाच्या सख्ख्या मावशी. हे लक्षात ठेवा.

तीन महिने झाले नाहीत. त्याआधीच एका सकाळी इराला हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि आम्ही परत आलो ते रिकाम्या हातांनी. तिच्या दवाखान्यात, कामावर, ताप आलाय असं कळवलं. घरात सगळे हळू बोलत होते, मीसुद्धा. तिला एवढंच हवं होतं — कुणी विचारू नये. हळूहळू उठली, केस विंचरले, बाहेरच्या खोलीत येऊन बसली. आणि नेमक्या त्या दिवशी बापटवहिनी साजूक तुपातला शिरा घेऊन आल्या. तिला पोटाशी धरून रडल्या. पुढच्या वेळी होईल सगळं नीट, म्हणाल्या. इराने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वहिनी माझ्याकडे बघतील असं वाटलं मला. बघितलं नाही. सभ्य बाई. पोरी, कळतं गं, एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर फोन सुरू झाले. भाजीच्या गाडीवर कुणी हात धरला, जिन्यात कुणी पाठीवरून हात फिरवला. जिला कुणालाच तोंड द्यायचं नव्हतं, तिने सगळ्या कॉलनीला तोंड दिलं. प्रत्येक वेळी ती हो म्हणायची, ठीक आहे म्हणायची, आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची.

एका संध्याकाळी ती उठून बसली आणि म्हणाली, रेवा. रेवाची मावशी. दुसरं कोण, आई?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी तिच्यासाठी माचा केला. पाणी थोडं निवू दिलं, पूड चाळली, फेटलं, अगदी तिने शिकवलं होतं तसं. कप तिच्या हातात दिला आणि ती तो दोन्ही हातांत धरून रडली. रेवाने असं करावं — हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मूल गेल्यावर ती अशी रडली नव्हती. मी पाठीवर थोपटत होते.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घाबरले. भित्री निघाले. पण एवढंच नाही.

रेवा आली. इरा फोन उचलत नव्हती म्हणून माझ्याकडे आली, इरा घरी नसताना. दारातच उभी राहिली, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"काकू, मैंने सच में किसी को नहीं बताया. मावशीलाही नाही. तुम्हाला तरी यकीन आहे ना?"

माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होती. कुणाला? तर मला. मी म्हटलं, मी बोलते इराशी. ती रडली, डोळे पुसले, नीट थँक यू म्हणून गेली.

संध्याकाळी इराने विचारलं, रेवा आली होती का? गल्लीत कुणीतरी पाहिलं होतं. आणि मी — आयुष्यभर गोष्टी सांगणारी बाई, कुठे थांबायचं हे मला कुणी शिकवायला नको — मी जरा थांबले. नजर खाली नेली. म्हणाले, "आली होती. काही बोलली नाही. नुसती रडली."

इराने मान हलवली. तेवढं पुरलं. त्या दिवसानंतर तिने रेवाचं नाव घेतलं नाही.

ते वाक्य चुकून निघालं नाही. मी ते रचलं होतं. दुपारभर ओट्याशी उभी राहून रचलं होतं. अडकले असते म्हणून? हो, पण तेही अर्धंच. रेवा गेली आणि संध्याकाळचा तो वेळ सगळा माझा झाला. इरा आता वाक्य अर्धं सोडून माझ्याकडे बघायची, मी ते पुरं करावं म्हणून. माझ्या किश्श्यांवर आता ती एकटी हसायची, माझ्याकडेच बघून. आणि मला ते आवडलं. दुःखाच्या घरात, त्या मुलीचं सगळं गेलेलं असताना, मला ते आवडलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण आवडलं होतं हे खरं आहे.

रेवा पुढे जबलपूरला नोकरीला गेली. तिच्या लग्नाची पत्रिका आली. इराने ती वाचली आणि बाजूला ठेवली. मी म्हटलं, जाऊन ये हवं तर. कशाला, म्हणाली. मी पुन्हा आग्रह केला नाही. बापटवहिनी अजून भेटतात, देवळात, बाजारात. माझी चौकशी करतात. भाचीचं काय झालं ते त्यांना माहीत नसावं, किंवा असेल. मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात इरा स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. मला काहीतरी सांगितलं. काय, ते मी इथे लिहिणार नाही. घरात आम्ही दोघीच होतो. निखिल कामावर, हे पेन्शन आणायला बँकेत. मला बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. एवढी बडबड केलेल्या तोंडाला चार शब्द जड नव्हते.

शेवटी ती म्हणाली, "तुम्हालाच सांगतेय, आई. बाहेरच्या माणसावर विश्वास ठेवून एकदा पाहिलं ना."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बरं केलंस.