शेणखताची ट्रायल

मला ट्रॅक्टरमधलं काहीही कळत नाही, म्हणून आमच्या तात्यांचा ट्रॅक्टर मी निवडला.

तात्या माझे चुलते. कसबा बावड्यात त्यांचा ऊस आहे आणि तो ट्रॉलीत भरून स्वतः कारखान्याला नेणं हाच त्यांचा वर्षाचा सण. पण गेल्या हंगामात उतारावर जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक लागला नाही. ऊस ओढ्यात, तात्या बांधावर! तेव्हाच काकींनी जाहीर केलं, "भरल्या ट्रॉलीसकट थांबणारी गाडी आणा. न्हायतर ह्या वर्षी ऊस दुसरा कोणबी नेईल, तुम्ही घरात बसायचं!"

तात्यांना मोठा, धिप्पाड ट्रॅक्टर हवा होता. मी कडाडले. (आमच्या घरात चळवळीची पत्रकंच पत्रकं. मी 'आई'नंतर 'निषेध' हाच शब्द शिकले.)

"मोठा ट्रॅक्टर ही बड्या बागायतदारांची मिजास आहे! छोटा शेतकरी, छोटा ट्रॅक्टर! ब्रेक नवे असले की झालं!"

"अगं, पण ट्रॉली मोठी हाय की!"

"ट्रॉलीपुढे झुकायचं नाही, तात्या!"

तात्या कपाळाला हात लावून शोरूमला निघाले. मी तो माझा विजय समजले.

शोरूममध्ये मी सगळ्यांत छोटा ट्रॅक्टर दाखवला. विक्रेता चपापला. "पावणं, ह्यो द्राक्षबागंत फिरवायचा हाय. उसाची ट्रॉली लावताय व्हय?" मी त्याच्या हातात एक पत्रक ठेवलं. बिचारा ट्रायलला तयार झाला.

"ट्रायल आमच्या ट्रॉलीसकट, आमच्याच उतारावर," काकी म्हणाल्या. ऊस अजून तोडायचा होता, म्हणून ट्रॉलीत काठोकाठ शेणखत भरलं. तात्या चालवायला बसले. आणि मी? तत्त्वावर विश्वास असेल तर माणसानं उताराच्या पायथ्याशी उभं राहावं! मी राहिले. हात वर करून.

"तात्या, दाबा ब्रेक!"

ब्रेक उत्तम लागले. चाकं जागच्या जागी थांबली. ट्रॅक्टर मात्र थांबला नाही! ट्रॉली त्याला मागून ढकलत आली, तो घसरत आडवा झाला, वळून स्वतःच्याच ट्रॉलीकडे बघायला लागला आणि ट्रॉली सावकाश, अगदी मायेनं, माझ्या बाजूला कलंडली.

"तात्या! लागलं का?"

"न्हाय गं! तू कुठं हायस?"

"खतात!"

काकी कमरेवर हात ठेवून आल्या. "ब्रेक लागला की! पण ट्रॉलीला कुणी सांगितलं? आमच्या बापानं कधी वासराला गाडीला जुंपलं न्हाय!"

निकाल लागला. वजनदार ट्रॅक्टर आला आणि शिरोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॉलीलाही वेगळे ब्रेक बसले. पुन्हा ट्रायल झाली. (खत मीच फावड्यानं परत भरलं. श्रमप्रतिष्ठा!) उताराच्या मधोमध तात्यांनी ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, सगळं मोर्चातल्या जत्थ्यासारखं एकदम थांबलं. काकी पदरानं डोळे टिपत ओरडल्या, "जावा आता! पण ट्रॉली एकच लावायची!"

तात्यांचा हंगाम जोरात चाललाय. त्यांचं बघून शेजारच्या दोघांनी ट्रॉलीला ब्रेक लावून घेतले. आता तर नवा ट्रॅक्टर घ्यायच्या आधी बावड्यातली माणसं मुद्दाम माझा सल्ला घ्यायला येतात.

मी सांगितलेला सोडून कुठलाही घेतात.