बल म्हणजे उजवीकडं

दहावीत असताना सरांनी मला वर्गात उभं केलं आणि गतीचा पहिला नियम विचारला. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "चालती वस्तू सरळ चालत राहते, सर. कुणी बाहेरून उजवीकडं वळवलं तरच वळते."

सर फळ्याकडून वळले. "उजवीकडंच का गं? डावीकडं का न्हाई?"

"पुस्तकात बलच दिलंय, सर. एडचं काही दिलं नाही."

देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाला खेटून आमचं गाव. घरात आम्ही कानडी बोलायचो, शाळेत मराठी. कानडीत बल म्हणजे उजवं आणि एड म्हणजे डावं. माझे वडील, अप्पा, गाडीवरून बैलांना "बलक्क!" म्हणाले की बैल उजवीकडं वळायचे, "एडक्क!" म्हणाले की डावीकडं. बैलांना कळत होतं ते मला कळू नये, असं कसं होईल? 'बाह्य बल' वाचलं की मला बाहेरच्या अंगानं उजवीकडं घेतलेलं वळण दिसायचं. न्यूटनलाही डाव्या हाताचं वावडं असेल, असं मी धरून चालले होते.

वर्गातल्या कानडी पोरांनी आधी बाकं बडवली आणि मग बाकीच्यांना अर्थ समजावून सांगितला. मग सगळाच वर्ग हसला. माझा राग नाकावर असायचा. मी दप्तर उचलून निघालेच होते. सर नायगावकडचे. त्यांना कानडीचं अक्षर कळत नव्हतं, पण अर्थ समजल्यावर तेही डोळे पुसेपर्यंत हसले. मग एकदम हात वर करून त्यांनी वर्ग गप्प केला.

"हसून काय राहिले रे? बलाला दिशा असती, हे मी तुम्हाला पुढच्या आठवड्यात शिकवणार व्हतो. हिनं आजच सांगितलं. बस गं खाली. चुकलीस, पण लई कामाचं चुकलीस."

मी बसले. आज मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवते, त्याची सुरुवात त्या बसण्यात आहे. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि फेडायची इच्छाही नाही. ते अंगावर असलेले बरे वाटतात.

ते दिवस पाण्याच्या हालांचे होते. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. अप्पा बैलगाडीवर लोखंडी टाकी बांधून ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायचे, आमच्यासाठी आणि आमच्या आळीसाठीही. अव्वा, म्हणजे आई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माझं काम गाडीच्या मागं होतं. ओढ्यातून वर येताना मोठा चढ होता. बैल दमले की अप्पा गाडी थांबवायचे आणि त्या क्षणी मी चाकामागं दगड लावायचा. दगड चुकला तर गाडी, टाकी आणि बैल सगळंच मागं ओढ्यात जाणार. अप्पा पुढं आणि मी मागं, असं असल्याशिवाय पाणी घरी येत नव्हतं. घरात तिसरं हाताशी कुणी नव्हतं.

म्हणून दहावीनंतर काय, हा प्रश्न आमच्याकडं नव्हताच. सरांच्या डोक्यात मात्र तो होता. मी लातूरला अकरावी सायन्सला जावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवर नवा जिल्हा रंगवला होता, पण खालून उस्मानाबाद अजून दिसायचं. मी एकदा जेवताना लातूरचा विषय काढला तेव्हा अप्पा म्हणाले, "लातूर जिल्हा झाला म्हणून आपल्या हिरीला पाणी आलं का?" मी भाकरी मोडली.

तिसऱ्या नियमाला मी परत हुज्जत घातली. क्रिया तेवढीच प्रतिक्रिया. म्हणजे बैल गाडीला जेवढं ओढतात तेवढंच गाडी बैलांना मागं ओढते. मग दोन्ही सारखंच, तर आमची गाडी चढ चढते कशी? सरांनी फळ्यावर बाण काढले, पुसले, परत काढले. मला पटेना. शेवटी त्यांनी खडू ठेवला. "रविवारी येतो. तुझी गाडीच बघू."

ते खरंच आले, सायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळून. अप्पांना वाटलं मास्तरांना पाणी पाहिजे. सर चढावर गाडीच्या बाजूनं चालत राहिले. आमची बैलजोडी देवणी जातीचीच. अंगानं भरलेली, पण त्या वर्षी बरगड्या दिसायच्या. मध्यावर बैल थांबले, मी दगड लावला. अप्पांनी परत हाकललं तेव्हा सर ओरडले, "गाडीकडं बघू नको. खुरांकडं बघ!"

खुरं मातीत रुतत होती आणि माती मागं उडत होती.

"बैल गाडीला वढतो, गाडी बैलाला वढती. खरं हाय. पण ते दोन बल दोन वेगळ्या वस्तूंवर हायेत, एकमेकाला खोडत न्हाईत. बैल जमिनीला मागं ढकलतो, आन् जमीन त्याला पुढं ढकलती. जमिनीनं ढकललं न्हाई तर कुणाचा बाप पुढं जात न्हाई."

मला ते एकदम दिसलं. त्या नादात मी चाकामागचा दगड उचलायचाच विसरले. अप्पांनी मला शिव्या दिल्या, त्याही सरांसमोर.

वर आल्यावर सरांनी विषय काढला. पोरीला लातूरला पाठवा, मुलींची राहायची सोय होते. अप्पांनी बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि मराठीत विचारलं, "आन् मास्तर, चाकाला दगड कोन लावंल?"

सरांनी उपदेश केला नाही, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. "त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई," एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत गेले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आज वाटतं, अप्पांच्या प्रश्नाचा एवढा मान दुसऱ्या कुणी ठेवला नसता.

निकाल लागला. चांगला लागला. अप्पा रोजच्यासारखी गाडी जुंपत राहिले. मग एका सकाळी मी गाडीमागं निघाले तर अव्वा आधीच तिथं उभी, पदर खोचून, दगड कमरेवर घेऊन. खडीच्या कामाला ती गेली नव्हती. "तिकडं दगड फोडते ती इकडं दगड लावते," ती कानडीत म्हणाली. "दगडाला काय, दगडच." अप्पांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बैल हाकलले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

लातूरला जायच्या दिवशी अव्वा मला एसटीच्या मोटारीत बसवायला आली. अप्पा सकाळीच गाडी जुंपून निघून गेले होते, निदान मला तसं वाटलं. मोटार काही सुरू होईना. ड्रायव्हरनं खाली उतरून हाक दिली, "चला, धक्का मारा!" पारावरची माणसं उठली. मी मागच्या काचेतून बघत होते, आणि त्या माणसांत मला अप्पांचा पटका दिसला. बैलगाडी पारामागं सोडून ते आले होते. दोन्ही तळवे मोटारीला लावून, मान खाली घालून ढकलत होते. त्यांचे पाय मातीत रुतले होते आणि माती मागं उडत होती.

इंजिन खोकलं आणि सुरू झालं. माणसं मागं सुटली. पुढं फाटा होता. डावीकडं ओढा, चढ आणि आमचं घर, उजवीकडं लातूर. ड्रायव्हरला वाट माहीत होती, त्याला सांगायची काहीच गरज नव्हती. तरी अप्पा धुळीत उभे राहून, बैलांवर ओरडायचे त्याच आवाजात ओरडले,

"बलक्क! बलक्क!"

अख्खी मोटार हसली. मी पण हसले, आणि रडले. मोटार उजवीकडं वळली.