डोंगरावरून दिसणारा रिसीव्हर

सासरेबुवांच्या दुकानातला फोन साऱ्या गावाचा होता, फक्त माझ्या बायकोचा नव्हता.

घाटनांदूरजवळच्या खेड्यात त्यांचं किराणा दुकान. तिथवर टेलिफोनच्या तारा पोचल्या नव्हत्या, म्हणून छपरावर उंच पाईप आणि त्यावर अँटेना. फोन वायरलेसवर चालायचा. ती माहेरी असताना मी फोन केला की सासरे उचलायचे. "बरी हाय. जेवती. तुमी कसे हायत?" संपलं. वडिलांसमोर नवऱ्याशी बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि बोलावणं आल्याशिवाय जावई दारात उभा राहिला तर गाव हसलं असतं. मला हवा असायचा तिचा आवाज, मिळायची तब्येतीची खबर.

पहिल्या बाळंतपणाला ती निघाली त्याच आठवड्यात कंपनीनं माझ्या हातात स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर दिला. मोबाइल येणार, टॉवर उभे राहणार, असं तेव्हा जो तो बोलायचा. धारूरच्या डोंगरावर आधीपासून कुणाकुणाचे सिग्नल येतात ते मी तपासायचं होतं. विटेहून थोडा मोठा डबा, गळ्यात पट्टा, समोर इवलासा पडदा. ज्या फ्रिक्वेन्सीवर कुणी काही प्रसारित करतंय तिथं उभी रेघ उठते. जोर जास्त तितकी ती उंच. तळाशी गवतासारखं काहीतरी सतत हलत असतं, तो नुसता गोंगाट. सिग्नल आहे एवढं कळतं, बोलणं काही ऐकू येत नाही. सोबतचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी सुरुवातीपुरतं वाचलं आणि शहाणा झालो.

कारण मला नको ते सुचलं होतं. रिसीव्हर उचलला की दुकानावरची अँटेना जागी होणार, आणि तिचं तोंड अंबाजोगाईच्या एक्स्चेंजकडं, म्हणजे जवळजवळ माझ्याच डोंगराकडं. सासरे, म्हणजे तिचे अण्णा, रोज संध्याकाळी महादेवाला जायचे. गिऱ्हाइकांसमोर तिला बोलता येणार नव्हतं, पण फोनवरची धूळ पुसायला कोण अडवणार? उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. नंबर फिरवायचाच नाही.

"दिसंल का पन तुमाला?" पिशवी भरता भरता तिनं विचारलं.

"तू उचल तर."

पहिल्याच संध्याकाळी रेघ उठली, चांगली हातभर वाटावी अशी. मी एकटाच हसलो. ती खाली मात्र येईना. मी म्हटलं, बायको ठेवायला विसरली असेल. नाहीतर ठेववत नसेल तिला. भरल्या दुकानात एवढा वेळ रिसीव्हर धरून उभी राहिलेली पोर कुणाच्याच डोळ्यांवर कशी येत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मी रोज जाऊन बसायचो आणि त्या रेघेला दिवसभराचं सगळं सांगायचो. खानावळीतली आमटी कशी होती, तेसुद्धा.

मग काम बघायला आमचे परभणीचे सीनियर आले. "काय बगत बसलास बे?" मी अर्धंमुर्धं सांगितलं. त्यांनी एक बटण दाबून यंत्रात येणारा सगळाच जोर कमी केला. रेघ खरी असेल तर यंत्र तेवढा हिशोब धरून ती होती तेवढीच दाखवतं, म्हणाले. माझी पार नाहीशी झाली.

"खोटी हाय ती. पलीकडला टीव्हीचा टॉवर सांजच्याला चालू होतो. एवढ्या जवळून त्याचा जोर याला सोसत न्हाई, मग हे सोताच रेघा काढतं. पयल्या दिवशी हेच तपासावं लागतं."

म्हणजे इतके दिवस मी टीव्हीच्या टॉवरशी सुखदुःखाच्या गोष्टी करत होतो. त्यांच्याबरोबर मीही हसलो, पण आतून पुरता खचलो. ती उचलतच नसेल, की उचलूनही माझ्यापर्यंत काही पोचत नसेल? तिची इतकी आठवण मला त्याआधी कधी आली नव्हती.

जाताना त्यांनी टीव्हीचा जोर अडवणारा फिल्टर वायरीत बसवून दिला आणि फ्रिक्वेन्सीचा अगदी अरुंद तुकडा कसा निवडायचा ते दाखवलं. गोंगाट त्यानं खाली बसतो. यंत्र मात्र फार सावकाश चालतं. "घाई करू नको," म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी मी एकटाच वर गेलो. गवत खाली बसलं होतं आणि वर काहीच नव्हतं. खाली शेळ्या घराकडं निघाल्या. मी आवरायलाच लागणार, तेवढ्यात त्या गवतातून एक रेघ जेमतेम वर आली. नखाएवढी. आणि गेली. मी आवरायचं सोडून पुन्हा पडद्यापुढं बसलो. ती पुन्हा आली.

रोजच येत असणार ती. मी बघत होतो दुसरीकडंच.

या वेळी मात्र रेघ खाली जाईना. धूळ पुसायला लागून लागून किती वेळ लागणार! माझाच जीव घाबरा झाला. "ठेव आता," मी डोंगरावर मोठ्यानं म्हणालो, "अण्णा येतील देवळातून."

तिनं ठेवला नाही.